तडा फ्रेमला, पेच कायद्याला

21 ऑक्टोबर 2022 पासून कॅनडात सर्वसामान्य माणसाला हँडगन विकत घेता येत नाही, दुसऱ्याला विकता येत नाही, मुलाच्या नावावरही करता येत नाही. ज्यांच्याकडे आधीची नोंदवलेली पिस्तुले आहेत त्यांनी ती कुलुपात ठेवावीत आणि परवानगी असेल त्याप्रमाणे रेंजवर नेऊन सराव करावा, एवढीच मुभा उरली आहे. अशा एखाद्या मालकाच्या पिस्तुलाच्या प्लॅस्टिकच्या फ्रेमला उद्या केसाएवढी चीर गेली, तर त्याने काय करायचे? परवाना दाखवला की नवी बॅरल मिळते, स्लाइड मिळते. स्प्रिंगा आणि पिना तर कुणीही विकतो. अडते ते फ्रेमपाशी.

फ्रेम म्हणजे पिस्तुलाचा सांगाडा. मूठ त्याचीच, चापाचा संच त्याच्यातच आणि स्लाइड मागेपुढे सरकते ते रूळही त्याच्यावरच. कॅनडाच्या फौजदारी संहितेतल्या बंदुकीच्या व्याख्येत फ्रेमचा समावेश आहे. म्हणून एकटी, रिकामी, गोळी झाडू न शकणारी फ्रेमसुद्धा तिथे बंदूकच. ती घ्यायची तर नवे नोंदणी प्रमाणपत्र हवे, आणि व्यक्तीच्या नावावर हँडगनचे नवे प्रमाणपत्र द्यायचे नाही, हाच तर बंदीचा गाभा आहे. अपवाद आहेत ते मोजके: बंदूक सोबत बाळगण्याची खास परवानगी असलेले लोक आणि ऑलिंपिक-पॅरालिंपिक नेमबाजीतले वरच्या दर्जाचे खेळाडू व त्यांचे प्रशिक्षक. उरलेल्यांसाठी फ्रेम फुटली की बंदूक संपली.

बंदुका कमीच असाव्यात, त्यांची नोंद काटेकोर असावी, याबद्दल दुमत नाही. एप्रिल 2020 मध्ये नोव्हा स्कॉशियात एका माणसाने 22 जणांचे जीव घेतल्यानंतर कॅनडा सरकारने कायदे कडक करायला घेतले, हे समजण्यासारखे आहे. पण नवे शस्त्र रोखणाऱ्या कायद्याने जुन्याची रीतसर दुरुस्तीही अडवली, तर त्यातून सुरक्षितता वाढत नाही. फुटकी फ्रेम मग कुणाच्या तरी गॅरेजमध्ये, डिंकाच्या ट्यूबशेजारी जाऊन पडते.

पिस्तुलात प्लॅस्टिक आले ते फार जुने नाही. जर्मनीच्या हेकलर अँड कॉख कंपनीने 1970 मध्ये पॉलिमर फ्रेमचे पिस्तूल बाजारात आणले, पण जग बदलले ते ऑस्ट्रियाच्या गास्टन ग्लॉक यांनी. हा गृहस्थ तोवर पडद्यांच्या दांड्या आणि लष्करासाठी सुऱ्या बनवत होता. बंदूक त्याने कधी बनवली नव्हती. ऑस्ट्रियाच्या सैन्याला नवे पिस्तूल हवे आहे असे कळल्यावर त्याने जाणत्या लोकांना गोळा केले, विचारपूस केली आणि 1982 मध्ये भल्याभल्या कारखान्यांना मागे टाकून ते कंत्राट मिळवले. ग्लॉक 17 हलके, स्वस्तात बनणारे आणि गंज न धरणाऱ्या मुठीचे होते. पुढच्या दोन दशकांत अमेरिकेतल्या पोलिसांच्या कमरेला तेच दिसू लागले. आपल्याकडे राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडोही ते वापरतात.

सुरुवातीला त्याची भीती वेगळीच होती. हे प्लॅस्टिकचे पिस्तूल विमानतळाच्या एक्स-रे यंत्रातून बिनबोभाट निघून जाईल, असा गाजावाजा 1986 च्या सुमाराला अमेरिकी वर्तमानपत्रांनी केला. ‘डाय हार्ड 2’ या 1990 च्या सिनेमात तर नायक ‘ग्लॉक 7’ नावाच्या चिनी मातीच्या जर्मन पिस्तुलाची माहिती देतो. ग्लॉक 7 नावाचे पिस्तूल नाही, ग्लॉक जर्मन नाही आणि त्यात चिनी मातीही नाही. त्याची स्लाइड आणि बॅरल पोलादाचीच असते. तरीही त्या गदारोळातून 1988 चा एक कायदा निघाला: कोणत्याही बंदुकीत धातुशोधक यंत्राला कळेल इतका, म्हणजे साधारण 105 ग्रॅम पोलादाच्या तोडीचा धातू असलाच पाहिजे. प्लॅस्टिकच्या फ्रेमने कायद्याला डोकेदुखी द्यायला तेव्हापासून सुरुवात केली, ती आजतागायत.

हे पॉलिमर बहुधा नायलॉनच्या कुळातले असते, अनेकदा काचेचे बारीक तंतू मिसळलेले. नायलॉन चिवट असते, तेला-ग्रीसला दाद देत नाही, आदळले तर दबून पुन्हा सरळ होते. पण त्याचेही काही नखरे आहेत. त्याला थोडा ओलावा लागतो. हवेतली वाफ शोषून ते लवचिक राहते आणि अगदी कोरडे, थंड झाले की ठिसूळ होते. कॅनडातला हिवाळा नेमका कोरडा आणि थंड. दुसरे म्हणजे थकवा. गोळी सुटताना होणारा स्फोटाचा दाब बॅरल आणि स्लाइड पेलतात, फ्रेमवर तो थेट येत नाही. फ्रेम सोसते ते स्लाइडचे मागे येऊन आदळणे, दर गोळीला, हजारो वेळा. स्प्रिंग जुनी झाली आणि मालकाने ती बदलली नाही, किंवा घरी भरलेली जादा दारूची काडतुसे वापरली, तर हा आदळा वाढतो. पिनांच्या भोकांभोवती आणि धातूचे रूळ प्लॅस्टिकमध्ये रोवलेले असतात तिथे ताण सर्वांत जास्त साठतो.

तिसरे कारण मालकांच्या हौसेचे. हातात नीट बसावे म्हणून तापल्या टोकाने मूठ टोचून खरखरीत करण्याची अमेरिकेत मोठी चलती आहे. त्यात प्लॅस्टिक कुठे पातळ होते, कुठे जळते. दिसायला झकास, पण चीर पुढे तिथूनच निघू शकते.

चीर गेल्यावर ती सांधता येईल का? नायलॉनवर डिंक मनापासून बसत नाही. वरवर चिकटतो, वाळल्यावर दगडासारखा कडक होतो, पण खालचे प्लॅस्टिक लवते आणि वरचा थर लवत नाही, त्यामुळे तडा पुन्हा त्याच कडेने उघडतो. वितळवून जोडावे, तर गोष्ट फुटक्या बादलीला तापल्या सळईने दिलेल्या टाक्यासारखी. बादलीतले पाणी काही दिवस थांबते, कारण पाणी आदळत नाही. शिवाय तंतुमिश्रित प्लॅस्टिकची ताकद तंतूंत असते. वितळलेला रस चिरेवर पसरतो, तुटलेले तंतू काही जुळत नाहीत. म्हणजे सांधा दिसायला अखंड आणि आतून फक्त रसाचा.

धोका काय? फुटकी फ्रेम हातात फुटून बोटे उडतील, असे चित्र रंगवायची गरज नाही. बहुतेक वेळा तसे होत नाही. खरा धोका जास्त चोरपावलांचा आहे. चाप, त्याची दांडी आणि सुईला अडवून धरणारे छोटे भाग एकमेकांपासून ठरावीक अंतरावर असले, तरच पिस्तूल सांगितल्याबरोबर उडते आणि न सांगता उडत नाही. ते अंतर फ्रेम राखते. फ्रेम हलली की हा भरवसा गेला. रूळ सैल झाला तर स्लाइड नीट बसत नाही. डिंकाने सांधलेले पिस्तूल शंभर गोळ्या बिनतक्रार झाडेल आणि एकशे एकाव्या वेळी काय करील ते कुणीच सांगू शकणार नाही. मुठीच्या तळाला गेलेली चीर आणि रुळापाशी गेलेली चीर यांत फरक आहेच, पण तो ठरवण्याचे काम कारखान्याचे. मालकाच्या डोळ्यांचे ते नाही.

कारखान्याकडून हे काम होऊ शकते, याचा दाखलाही आहे. 2001-02 मध्ये बनलेल्या काही ग्लॉक पिस्तुलांच्या फ्रेममधले मागचे रूळ तुटू शकतात, असे लक्षात आल्यावर कंपनीने त्या काळातली पिस्तुले परत मागवून फ्रेम बदलून देण्याची तयारी दाखवली. अमेरिकेत हे शक्य झाले, कारण तिथल्या 1968 च्या बंदूक नियंत्रण कायद्याने तशी वाट मोकळी ठेवली आहे. मालकाने बंदूक परवानाधारक कारखान्याकडे दुरुस्तीला पाठवायची आणि कारखान्याने तीच बंदूक, किंवा त्याच जातीची आणि त्याच प्रकारची बदली बंदूक, ज्याच्याकडून आली त्यालाच परत करायची. हा नवा खरेदी-व्यवहार धरला जात नाही. बंदुकांच्या बाबतीत अमेरिकेकडून शिकण्यासारखे फारसे नाही, हे खरे. पण हे एक कलम तिथे शहाणपणाने लिहिलेले आहे.

त्याच कायद्याने दुसऱ्या बाजूचा बंदोबस्तही केला. बंदुकीचा नंबर फ्रेमवर असतो. पॉलिमर फ्रेममध्ये त्यासाठी धातूची छोटी पट्टी बसवलेली असते, कारण प्लॅस्टिकवर कोरलेला आकडा सहज खरवडता येतो. तो नंबर मिटवणे किंवा बदलणे हा गंभीर गुन्हा. तेव्हा एखाद्याने ‘जुन्या फ्रेमची पट्टी काढून नव्या फ्रेममध्ये बसवली तर कुणाला कळते?’ असा विचार केला, तर दुरुस्तीच्या नावाखाली तो सरळ तुरुंगाची वाट धरतो.

सरकारे फ्रेमबाबत इतकी सावध का, याचे उत्तर ‘घोस्ट गन’ या प्रकारात आहे. 2013 मध्ये टेक्ससच्या कोडी विल्सनने थ्रीडी प्रिंटरवर छापलेले एका गोळीचे पिस्तूल जगाला दाखवले. ते ओबडधोबड होते. पण त्यानंतर नेवाडातली पॉलिमर80 ही कंपनी अर्धवट बनवलेल्या फ्रेम विकू लागली: घरी थोडे कापा, थोडी भोके पाडा की ग्लॉकसारखे पिस्तूल तयार, नंबर नाही, नोंद नाही, विकत घेणाऱ्याची चौकशी नाही. अमेरिकी सरकारने 2022 मध्ये अशा संचांनाही बंदुकीचे नियम लावले. 26 मार्च 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा बहुमताने तो नियम उचलून धरला. न्यूयॉर्कमध्ये डिसेंबर 2024 मध्ये युनायटेड हेल्थकेअर या विमा कंपनीचे प्रमुख ब्रायन थॉम्पसन यांची हत्या झाली. त्या प्रकरणात आरोपीकडे सापडलेले पिस्तूल प्रिंटरवर बनवलेल्या भागांचे असल्याचे पोलिसांनी सांगितले. प्लॅस्टिकची फ्रेम ही पिस्तुलातली घरी बनवायला सर्वांत सोपी वस्तू ठरली आणि कायद्याने नेमकी तिलाच बंदूक मानले आहे. पोलिसांना झोप लागत नसेल तर नवल नाही.

पण इथेच तर्क उलटतो. रीतसर फ्रेम मिळत नाही म्हटल्यावर नाइलाज झालेला मालक कुणाच्या दारात जाईल? ज्या प्रिंटरवाल्याला आणि अर्धवट फ्रेम विकणाऱ्याला कायदा हुडकतो आहे, त्याच्याच. नोंदणी केलेला, परवाना घेतलेला, इतकी वर्षे नियम पाळणारा माणूस स्वतःहून बेकायदा बाजाराचे गिऱ्हाईक होईल अशी व्यवस्था लावून ठेवणे, याला धोरण म्हणणे अवघड आहे.

कॅलिफोर्नियातला पेच थोडा निराळा. तिथे 2001 पासून विक्रेत्याला फक्त राज्याच्या यादीत असलेलीच हँडगन विकता येते. यादीत यायला पिस्तूल खाली पाडून घेतलेल्या चाचण्या, 2007 पासून आणखी सुरक्षा साधने, आणि 2013 पासून प्रत्येक काडतुसावर सूक्ष्म खूण उमटवण्याची अट. ही शेवटची अट कुणी पुरी करीना, म्हणून एक दशकभर नवे पिस्तूल यादीत आलेच नाही. 2023 मध्ये संघराज्य न्यायालयाने या खुणेच्या अटीला हंगामी स्थगिती दिली. या सगळ्या अटींचा परिणाम असा झाला, की ग्लॉकची तिसरी पिढी यादीत राहिली, 2010 सालची चौथी आणि 2017 सालची पाचवी बाहेर. दुसऱ्या राज्यातून राहायला येणारा माणूस आपले पाचव्या पिढीचे पिस्तूल सोबत आणू शकतो, 60 दिवसांत त्याची नोंद केली की झाले. मात्र त्याची फ्रेम तडकली, तर नव्या नंबराची फ्रेम ही दुरुस्तीतली बदली की यादीबाहेरच्या पिस्तुलाची विक्री, या प्रश्नात ती अडकते. आणि जुन्या, कमी सुधारलेल्या पिढीला विक्रीची मुभा आणि नव्याला मज्जाव, हा सुरक्षिततेच्या नावाखालचा विनोद वेगळाच.

कॅनडाच्या बंदीचे समर्थक यावर एक रोखठोक उत्तर देतात, आणि ते ऐकण्यासारखे आहे. ते म्हणतात, बंदीचा हेतूच हा आहे. देशात दहा लाखांहून अधिक हँडगन नोंदलेल्या आहेत. त्या घरोघर जाऊन जप्त करणे शक्य नाही, म्हणून त्या हळूहळू संपू द्यायच्या. मालक वारला, बंदूक गेली. फ्रेम फुटली, बंदूक गेली. त्यात रडायचे काय?

हा युक्तिवाद प्रामाणिक आहे, पण अर्धाच. मालकाच्या मृत्यूनंतर बंदूक खरोखर व्यवहारातून जाते, कारण कुणीतरी ती जमा करते. फ्रेम फुटल्यावर तसे घडेलच असे नाही. फुटकी बंदूक घरातच राहते, वापरातही राहू शकते. सरकारला ती संपवायचीच असेल, तर सरळ भरपाई देऊन फुटक्या बंदुका गोळा कराव्यात. तेवढा खर्च करायचा नसेल, तर बदली फ्रेम द्यावी. एक जमा करून एक घेतल्याने बंदुकांची संख्या एकानेही वाढत नाही. दोन्ही न करता मालकाला त्याच्या डिंकावर सोडून देणे हा तिसरा पर्याय सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत वाईट.

खरे तर तंत्रज्ञांनी या कोड्याची एक उकल शोधून ठेवली आहे. सिग सॉअर कंपनीच्या पी320 पिस्तुलात चापाचा संच पोलादी चौकटीत असतो, नंबर त्या चौकटीवर, आणि अमेरिकी कायद्याने तीच चौकट म्हणजे बंदूक. तिच्याभोवतीची प्लॅस्टिकची मूठ नुसता सुटा भाग आहे. फुटली, काढली, दुसरी बसवली. नंबर तोच, नोंद तीच. अमेरिकी लष्कराने 2017 मध्ये हे पिस्तूल निवडले. गंमत म्हणजे कॅनडाच्या लष्करानेही 2022 मध्ये, नागरिकांसाठी हँडगन गोठवली त्याच वर्षी, पी320 च घेतले. त्याआधी तिथले सैनिक ब्राउनिंग हाय-पॉवर वापरत, ती टोरांटोच्या जॉन इंग्लिस कंपनीने दुसऱ्या महायुद्धात बनवलेली, पोलादी फ्रेमची, जवळजवळ ऐंशी वर्षे टिकलेली. पी320 चे सगळेच गुणगान करता येत नाही; चाप न ओढता गोळी सुटल्याच्या तक्रारींवरून या पिस्तुलावर अमेरिकेत बरेच खटले चालले आहेत. पण बंदुकीची ओळख टिकाऊ धातूत ठेवायची आणि झिजणारे प्लॅस्टिक बदलण्याजोगे ठेवायचे, ही कल्पना सोडून देण्यासारखी नाही. पॉलिमर फ्रेमलाच नंबर देणाऱ्या कारखान्यांनी ती आधीच उचलायला हवी होती.

आपल्याकडे हा प्रश्न या रूपात येत नाही. 1959 चा शस्त्र कायदा सुट्या भागांनाही शस्त्रच समजतो आणि शस्त्र बनवायला, विकायला जसा परवाना लागतो तसाच दुरुस्त करायलाही लागतो. महाराष्ट्र पोलिसांची डोकेदुखी चिरलेली फ्रेम नसून मध्य प्रदेशाच्या हद्दीवरल्या उमर्टीसारख्या गावांतून येणारे बिननंबरी पिस्तूल आहे. तरी बंदुकीत संमिश्र पदार्थ आपल्याकडेही आले आहेत. पुण्याच्या पाषाणमधल्या एआरडीई या संशोधन संस्थेने आणि महूच्या इन्फंट्री स्कूलने, लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांच्या पुढाकाराने, 2021 मध्ये ‘अस्मी’ ही छोटी मशीन पिस्तूल पुढे आणली. तिचा खालचा सांगाडा कार्बन फायबरचा आहे. ती सैन्याची, म्हणून तिच्या दुरुस्तीला आर्मरर आहे, कोठार आहे, नोंदवही आहे. परवानाधारक नागरिकाच्या हातात उद्या देशी पॉलिमर पिस्तुले आली, तर फ्रेम बदलण्याचा नियम त्याआधी लिहिलेला असावा.

कॅनडा सरकारने करायचे काम मोठे नाही. फुटकी फ्रेम कारखान्यात किंवा परवानाधारक आर्मररकडे जमा करायची, तिचे तुकडे झाल्याचा दाखला नोंदणी कार्यालयात जायचा, आणि त्या दाखल्यावरच त्याच प्रकारची एक फ्रेम त्याच मालकाच्या नावावर चढायची. नवा मालक नाही, जास्तीची बंदूक नाही. हा नियम होईपर्यंत ब्रॅम्प्टनपासून व्हँकूव्हरपर्यंत, किंवा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये, ज्या कुणा मराठी घरात असे पिस्तूल असेल त्यांनी चीर दिसताच ते रिकामे करून बाजूला ठेवावे, एकही गोळी झाडू नये, डिंक लावू नये, आणि काय करायचे ते आधी कारखान्याला आणि नोंदणी कार्यालयाला लेखी विचारावे.